वजनाआधी पोत विचारणारी आहारसमुपदेशन सेवा

खाण्याच्या विकाराचं निदान १९व्या वर्षी झालं, ऑटिझमचं ३४व्या. मधली सगळी वर्षं मी ‘हट्टी पेशंट’ होते. आधीच्या उपचारकेंद्रात भांड्यांच्या खणखणाटात, सगळं एकमेकांत मिसळलेलं ताट संपवावं लागे. नाही संपलं की ‘सहकार्य करत नाही’ अशी नोंद.

इथे पहिल्याच भेटीत विचारलं, कोणता पोत तोंडात सहन होत नाही? भूक लागलेली कळते का? मला कळत नाही, चक्कर आली की समजतं. शरीराच्या आतल्या खुणा ओळखणं अनेक ऑटिस्टिक माणसांना जड जातं, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं! माझं न खाणं जाड होण्याच्या भीतीतून नव्हतं. अशा खाण्याला २०१३ साली डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत ‘आरफिड’ (अन्न टाळण्याचा किंवा मोजकंच खाण्याचा विकार) हे स्वतंत्र नाव मिळालं.

आता भुकेची वाट न बघता घड्याळाप्रमाणे जेवते. तेच ताट, तीच जागा, कानात इअरप्लग. नवा पदार्थ आठवडाभर नुसता शेजारी ठेवायचा, चाखायची सक्ती नाही.

एक तक्रार आहे. भेटीची वेळ दोनदा ऐनवेळी बदलली. दोन्ही दिवशी माझं जेवण राहिलं. हे त्यांनी सुधारायलाच हवं. पुढच्या सहा महिन्यांसाठी मात्र नाव नोंदवलंय.