फिलग्रास्टिम घ्यावं की पेगफिलग्रास्टिम?

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे आकडे, तळाला जातात. ते सावरायला दोन इंजेक्शनं मिळतात: रोज टोचायचं 300 मायक्रोग्रॅमचं फिलग्रास्टिम आणि केमोच्या दर सायकलला (फेरीला) एकदाच घ्यायचं 6 मिलिग्रॅमचं पेगफिलग्रास्टिम. अमेरिकेत पहिलं 1991 साली आलं, दुसरं 2002 साली. डॉ. रेड्डीजचं ‘ग्राफील’ 2001 मध्ये आलं, आता भारतीय बनावटीची दोन्ही मिळतात.

मूळ औषध एकच. फिलग्रास्टिम काही तासांत ओसरतं, म्हणून रोज लागतं. पेगफिलग्रास्टिमला (थोडक्यात ‘पेग’) जोडलेल्या लांब साखळीमुळे ते किडनीतून सुटत नाही. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढले की तेच त्याला संपवतात. हॉस्पिटल लांब असेल, घरी टोचणारं कुणी नसेल, तर आमचं मत पेगच्या बाजूनं. दर आठवड्याच्या केमोत मात्र ते बसत नाही, कारण पुढच्या केमोच्या आधीचे 14 दिवस ते देत नाहीत.

दोन्हींसाठी केमो संपल्यावर किमान 24 तास थांबायचं. ‘घरी जाता जाता देऊन टाका’ असा आग्रह नेहमीचाच, पण त्यानं नव्यानं फुटू लागलेल्या पेशी अंगातल्या केमोच्या तडाख्यात सापडतात. दुसरी गल्लत फिलग्रास्टिमची: सुरू केल्यावर एक-दोन दिवसांत काउंट उसळतात आणि लोक खूश होऊन इंजेक्शन बंद करतात. ती उसळी साठ्यातल्या पेशींची असते. तळ अजून यायचा असतो. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करा.

सिरिंज 2 ते 8 अंशांत, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, फ्रीझरलगत तर नकोच. केमिस्टकडून आणताना आइस पॅकला थेट टेकली तर गोठू शकते, मध्ये कापडाची घडी घाला. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. गरम पाण्यात बुडवू नका, हलवूही नका. बेंबीभोवतीचे दोन इंच सोडून पोटाची कातडी चिमटीत धरून द्यायचं. मूळ अमेरिकी पेगच्या सिरिंजवर 0.6 मिलिच्या आतल्या मापाच्या खुणा नाहीत, त्यामुळे लहान मुलांना अंदाजानं अर्धी देणं धोक्याचं.

त्रास म्हणजे कंबर, मांड्या, छातीचं हाड ठणकतं. पॅरासिटामॉलनं बरं वाटतं, पण गोळीआधी थर्मामीटर लावा, नाहीतर ताप झाकला जातो. बरगड्यांखाली डावीकडे किंवा डाव्या खांद्यात दुखलं तर प्लीहा तपासून घ्या. असं क्वचितच होतं, पण थांबू नका.

रिपोर्टमध्ये नुसती एकूण संख्या पाहू नका. पांढऱ्या पेशी 1800 आणि न्यूट्रोफिल 25 टक्के, म्हणजे खरा आकडा 450. तो 500च्या खाली गेलाय आणि अंगात 100.4 फॅरनहाइट ताप आहे, तर पुढच्या इंजेक्शनची वाट न पाहता रात्री-बेरात्री इमर्जन्सी गाठा. तिथे पहिल्या तासातच शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं.