केस गळतीच्या ‘पॅकेज’पासून सावध राहा

घरात लग्नाचं बघायला सुरुवात झाली आणि माझ्या धाकट्या भावाने पुण्यातल्या एका हेअर क्लिनिकमध्ये ६८,००० रुपयांचं पॅकेज घेतलं, तेही हप्त्यांवर. पांढऱ्या कोटातल्या मुलीने त्याच्या टाळूवर कॅमेरा फिरवला, स्क्रीनवर केसांच्या मुळाशी साचलेला तेलकट थर मोठा करून दाखवला आणि म्हणाली, “सर, मुळं ब्लॉक झालीत. आत्ता नाही केलं तर वर्षभरात टक्कल.” ती डॉक्टर नव्हतीच, काउन्सेलर होती.

हातात पडल्या क्लिनिकचं लेबल चिकटवलेल्या बाटल्या. घटकांचा पत्ता नाही. रोज दोनदा लावायचं. काही आठवड्यांत बाथरूमच्या जाळीवर केसांचे पुंजके अडकायला लागले. तो धास्तावून गेला, तर उत्तर मिळालं, “टॉक्सिन बाहेर पडतायत, आता स्टेज टू लागेल.” त्याचे वेगळे ३५,०००!

घटक लेखी द्या म्हणून मी पिच्छा पुरवला, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर आलं: मिनॉक्सिडिल ५ टक्के. हे केमिस्टकडे काहीशे रुपयांत मिळतं. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं की हे औषध सुरू केल्यावर आधी जुने केस गळतात, मग नवे येतात. फरक दिसायला चार-सहा महिने जातात आणि थांबवलं की आलेले केसही जातात. म्हणजे औषधाचा नेहमीचा परिणाम हेच आजार वाढल्याचं लक्षण म्हणून दाखवून दुसरं पॅकेज विकत होते. याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे.

मुळं तेलाने ‘ब्लॉक’ होऊन टक्कल पडत नाही. डीएचटी या हार्मोनला काहींची केसांची मुळं जन्मतःच जास्त संवेदनशील असतात, ती हळूहळू आक्रसतात आणि केस बारीक होत जातात. हा वारसा आई आणि वडील दोन्हीकडून येतो, नुसता मामाकडून नाही. डीएचटी कमी करणारी फिनास्टेराइडची गोळीही आहे, पण तिचे लैंगिक दुष्परिणाम होऊ शकतात, म्हणून डॉक्टरांशी बोलूनच घ्या. टक्कल बरं करण्याचा दावा औषधावर करायला सरकारी औषध नियमांतल्या ‘शेड्यूल जे’ या यादीनुसार मनाईच आहे.

पैसे भरण्याआधी डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक मागा, तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळा आणि पक्कं बिल घ्या. आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. भावाचे हप्ते मात्र चालूच आहेत. कर्ज फायनान्स कंपनीचं आहे, उपचार सोडले तरी ते थांबत नाही, हे सही घेताना कुणीही सांगितलं नव्हतं.