कर्ली खाडीमुखाचा तीन थरांचा नकाशा: छपाई झकास, किनारा सरकलेला

मालवणजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या तोंडाचा हा संच आहे. खाली कागदावर अलीकडची उपग्रह प्रतिमा. वर ठेवायला दोन पारदर्शक फिल्म, एकीवर इंचाला मैल प्रमाणाची जुनी टोपोशीट (भूरूप नकाशा), दुसरीवर जुना सागरी चार्ट. ए-1 आकार, प्रमाण 1:10,000, म्हणजे 1 मिमीला 10 मीटर. रेषा सुबक आहेत. देवबागची चिंचोळी पट्टी, धूपप्रतिबंधक बंधारा, होड्यांचे धक्के सगळं स्वच्छ दिसतं.

फिल्म छापील कोपऱ्यांवर बसवली की मात्र निवतीच्या किल्ल्याखालचा कडा दोनदा दिसतो, मध्ये 13 मिमीचं अंतर! पुळण सरकते, कातळ नाही. जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती नमुन्यावर बेतलेले, उपग्रह प्रतिमा डब्ल्यूजीएस-84 या आजच्या नमुन्यावर; त्यामुळे एकच जागा दोन्हींत वेगळी पडते. संच विकणाऱ्या दुकानानं रूपांतर न करताच छापलेलं दिसतं. उपाय सोपा आहे: कोपरे विसरा, निवती आणि भोगव्याचे कातळ एकमेकांवर बसवा, टेप लावा, मगच वाळूकडे बघा.

यातून न सुटणारी चूक म्हणजे तांबड्या रेघांनी दाखवलेली 'धूप'. टोपोशीटवर भरतीची रेषा असते, चार्टवर नीचतम ओहोटीचीही, आणि उपग्रहाला त्या क्षणी पाणी होतं तिथली. उधाणाला इथं पाणी सुमारे 2 मीटर चढतं-उतरतं. पुळणीचा उतार 40 ला 1 धरला तर पाण्याची कड 80 मीटर हलते, नकाशावर 8 मिमी. तांबडा पट्टा बऱ्याच ठिकाणी तेवढाच रुंद आहे. प्रतिमेची तारीख-वेळ छापली असती तर भरतीच्या कोष्टकावरून दुरुस्ती करता आली असती. ऋतूही कळला असता. पावसाळ्यात पुरानं कापलेला वाळूचा दांडा उन्हाळ्यापर्यंत पुन्हा भरतो.

खाडीमुखातल्या 'त्सुनामी आयलंड' या वाळूच्या बेटाला बिनदिक्कत '2004' असा शिक्का मारलाय. त्या काळच्या लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमेचा एक ठिपका 30 मीटरचा. 60 मीटरचा वाळूचा उंचवटा म्हणजे जेमतेम दोन ठिपके. त्यावरून जन्मसाल काढणं धाडसाचंच.

चार्टवरची खोली फॅदममध्येच ठेवलीय आणि सूचीत एकक नाही. '2' म्हणजे 3.66 मीटर, आणि तीही तेव्हाची. आज होडी आत घ्यायची तर तांडेलालाच (होडीच्या प्रमुखालाच) विचारा.

त्याच दुकानाचा बाणकोटचा संच बिनधास्त घ्या. तिथं किल्ल्याचा आणि हरिहरेश्वरचा कातळ तिन्ही थरांत तंतोतंत बसतो, आणि सावित्रीतून दासगावकडे जाणारी गलबतांची जुनी वाट बोटानं चालत जाता येते.