एमबीए (उद्योजकता), तीन सेमिस्टरनंतरचा अनुभव : उधारीचे 30 दिवस कुणी ठरवले?

सीईटी, कॅप राउंड, महाडीबीटीचा अर्ज, 75 टक्के हजेरी हे प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं, त्यात जात नाही. तिसरं सेमिस्टर संपलं आणि लिहायला बसलो ते प्रोजेक्ट रिपोर्टवरून कॉलेजात झालेल्या भांडणामुळे. कॉलेज लातूर भागातलं. नाव देत नाही, कारण दुसरीकडे शिकणारे मित्रही हीच तक्रार करतात.

माझा प्रकल्प पशुखाद्याचा. उदगीरकडे आमचं पेंडीचं दुकान आहे. सरकी पेंड, मका, भुसा आणायचा आणि विकायचा. लातूरच्या डाळ मिलमधून तूर चुनी आणि हरभरा चुनी (डाळ करताना उरणारा चुरा) जवळच मिळते, म्हणून दळायचं आणि मिसळायचं मशीन बसवून स्वतःच्या गोणीत माल विकावा असा विचार. वर्षाची विक्री 60 लाख धरली आणि उधारी सुटायचा काळ 150 दिवस लिहिला. अण्णांच्या वहीत तो तेवढाच निघतो. जूनमध्ये नेलेल्या पेंडीचे पैसे सोयाबीन मोंढ्यात गेल्यावर, दिवाळीच्या मागेपुढे येतात. ज्याचं सोयाबीन काढणीच्या पावसात भिजलं, तो सरळ "तुरीवर देतो" म्हणतो आणि मग गोष्ट जानेवारीवर जाते.

गाइड सरांनी त्या 150 भोवती लाल गोल केला. "रेशो बिघडतोय, 30 टाक." मी म्हणालो, सर, वही दाखवतो. वही बघायची नव्हती. मी आकडा बदलला नाही, रिपोर्ट परत आला, दुसऱ्या तीन प्रती, दुसरं स्पायरल बाइंडिंग, वर अंतर्गत गुण कापले. विभागप्रमुखांकडे गेलो तर उत्तर मिळालं की सगळ्यांचे 30च आहेत. मेडिकलवाल्याच्या मुलाचे 30, कृषी सेवा केंद्रवाल्याचे 30, भांड्याच्या दुकानाचेही 30.

एका आकड्यावरून एवढं का, असं वाटेल. हिशेब करून बघा. 60 लाख विक्री म्हणजे महिन्याला 5 लाख. 30 दिवसांची उधारी असेल तर बाहेर 5 लाख अडकतात, 150 दिवसांची असेल तर 25 लाख. छोट्या उद्योगाला खेळतं भांडवल देताना बँका नायक समितीचं सूत्र लावतात : अपेक्षित विक्रीच्या 25 टक्के गरज धरायची, त्यातले 20 टक्के बँकेचे, 5 टक्के आपले. माझ्या बाबतीत गरज 15 लाख, बँक 12 लाख, घरचे 3 लाख. या सूत्रामागे पैसा तीन महिन्यांत फिरून येतो असं गृहीत आहे. आमच्याकडे तो पाच महिन्यांनी येतो. उरलेले 10 लाख कुठून आणायचे? गावात शेकडा 3 रुपये महिन्याने मिळतात. त्या व्याजात धंदा बसतो, आणि रिपोर्टमध्ये मात्र पहिल्याच वर्षी नफा दिसतो. माझ्या गल्लीत बंद पडलेली दोन दुकानं मला ठाऊक आहेत. गिऱ्हाईक भरपूर होतं, पैसा वहीत होता.

सबसिडीचंही तसंच. वर्गात स्लाइडवर 35 टक्के मोठ्या अक्षरात दाखवलं. पीएमईजीपी या केंद्राच्या स्वयंरोजगार योजनेत ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गाला 25 आणि विशेष प्रवर्गांना 35 टक्के अनुदान आहे, हे खरं. पण ती रक्कम हातात येत नाही, बँकेत तीन वर्षं मुदत ठेवीत राहते. तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही हा फायदा आहेच, पण गोण्या भरायला त्यातला रुपया वापरता येत नाही. हे मला बँकेत कळलं, वर्गात कळायला हवं होतं.

बाकी गोष्टी थोडक्यात. मार्केटिंग बरं शिकवतात. मनुष्यबळ हा विषय दोन हमाल आणि एक ड्रायव्हर असलेल्या धंद्याला फारसा लागत नाही. वाळूजची औद्योगिक भेट पाहण्यासारखी होती. ब्लेझर ठरावीक दुकानातूनच घ्यायची सक्ती आहे आणि उदगीरात तोच त्याहून स्वस्त शिवून मिळतो. हा खर्च मला आजही पटलेला नाही.

दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत कुणी विचारलं असतं तर प्रवेश घेऊ नका असंच सांगितलं असतं. तिसऱ्यात मत बदललं, ते तासिका तत्त्वावर येणाऱ्या एका सीए मॅडममुळे. त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं, ज्याच्या घरी दुकान आहे त्याने वही आणायची. प्रत्येक येणं आम्हाला दिवसांनुसार मांडायला लावलं आणि पुढे एक रकाना वाढवला : हा पैसा कशावर थांबलाय? सोयाबीन, तूर, ऊसाचं बिल, पगार. त्या रकान्याने सगळ्या वर्गाचे आकडे वेगळे झाले. मेडिकलचे 12 दिवस निघाले, कृषी सेवा केंद्राचे माझ्याहून जास्त.

माझी वही बघून त्यांनी विचारलं, "पेंड नेणाऱ्याकडे दुभतं जनावर असणार. त्याला दुधाचं बिल कधी मिळतं?" दर 10 दिवसांनी. "मग तू सोयाबीनची वाट का बघायलास?" संकलन केंद्रावर माल ठेवायचा, केंद्रचालक दुधाच्या बिलातून गोणीचे पैसे कापून घेणार. असं काही केंद्रांवर चालतं हे मी रोज पाहत होतो, पण त्याचा आकडा कुणी मांडून दाखवला नव्हता. निम्मी विक्री केंद्रांवरून, 15 दिवस धरून, सव्वा लाख अडकतात. निम्मी दुकानातून 150 दिवसांवर, साडेबारा लाख. एकूण पावणेचौदा. बँकेच्या हिशेबातले 15 लाख पुरतात आणि आठवड्याभराच्या चुनीपेंडीलाही पैसे उरतात. त्या संध्याकाळी घरी जाऊन अण्णांना हे समजावून सांगितलं, आणि ते पहिल्यांदा माझ्या शिक्षणाबद्दल काही विचारू लागले.

45 दिवसांचा कायदाही मॅडमनीच नीट सांगितला. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. 2023 च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम आणून त्याला आयकराची जोड दिली : मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च दाखवता येत नाही. शेतकऱ्याकडून वसुलीला आयकराची ही जोड कामाची नाही, डेअरी किंवा मोठ्या डीलरला माल दिला तर आहे. आणि वर्गातल्या व्यापारी घरच्या मुलांनी लक्षात घ्यावं, 2021 पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम (सरकारकडची एमएसएमई) नोंदणी मिळते, पण ती फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जासाठी. उशिरा मिळालेल्या पैशांचं हे संरक्षण त्यात नाही.

माझे कापलेले गुण मिळालेले नाहीत. निम्मी शिक्षण फी शिष्यवृत्तीतून भरली जाते म्हणून मला हा सौदा परवडला; पूर्ण फी खिशातून भरायची असती तर मी प्रवेश घेतला नसता. मॅडमचे तास पुढच्या वर्षी आहेत का, हे विचारायला तीनदा ऑफिसात गेलो, उत्तर नाही. प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन मागच्या बॅचचे चार-पाच प्रोजेक्ट रिपोर्ट मागा आणि उधारीचा आकडा उघडून बघा. सगळ्यांत 30 दिसले तर हिशेब शिकवणारे शिक्षक कोण आहेत आणि ते कायम आहेत का, एवढं लेखी विचारून मगच पहिला हप्ता भरा.