पावती माझी, नोंदणी एजंटची
घरून काम करण्याची मुभा मिळाल्यावर मी पुण्याहून दापोली तालुक्यातील आमच्या वाडीत परतलो आणि मे महिन्याच्या अखेरीस फायबर इंटरनेटची जोडणी घेतली. एजंट बाजारपेठेतला, तोंडओळखीचा. 100 एमबीपीएसचा प्लॅन महिना 700 रुपये आणि वर्षाचे पैसे एकदम भरल्यास दोन ओटीटी ॲप मोफत, असे त्याने सांगितले. 8,400 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 9,912 रुपये मी रोख दिले. जीएसटी पुरेपूर घेऊनही पावतीवर ना जीएसटी क्रमांक होता ना कंपनीचे नाव, हे मला फार उशिरा दिसले.

वेग पहिल्या आठवड्यापासूनच 30 च्या वर जात नव्हता. घरातल्यांची तक्रार नव्हती, कारण टीव्हीवर एचडी चित्रपट पाहायला 5 एमबीपीएसही पुरतात. अडत होते ते माझे काम. 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, त्या हिशेबाने एक जीबीची फाइल दीड मिनिटाच्या आत उतरायला हवी, ती साडेचार मिनिटे घेत असे. जांभ्याच्या जाड भिंती वायफाय अडवतात, असे एजंट म्हणे, आणि ते खोटे नसल्यामुळेच मला पटले. पुढे लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून मोजले तरी आकडा तोच आला. पण तोवर पाऊस लागला होता, आणि कोकणात चार महिने कोणताही बिघाड पावसाच्या माथी मारता येतो.

गणपतीच्या तोंडावर लाइन पूर्ण बंद पडली. झाड पडून वायर तुटल्याचे एजंटने दोनदा सांगितले, नंतर फोन उचलणेच बंद केले. शेजाऱ्यांची जोडणी त्याच खांबावरून येऊन व्यवस्थित चालत होती आणि फायबर तुटल्यावर राउटरवर लागणारा लाल दिवाही माझ्याकडे लागला नव्हता. तेव्हा कुठे मी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. त्यांच्या नोंदीत माझ्या नावावर 30 एमबीपीएसचा, ओटीटी नसलेला, महिन्याचा प्लॅन होता. त्याची मुदत संपली होती आणि नोंदणीकृत मोबाइल क्रमांक एजंटचा असल्याने सगळे संदेश त्यालाच जात होते. ओटीटी ॲप त्याने दुसऱ्याच कोणाच्या खात्यावरून चालू करून दिली होती.

खासगी पावतीची जबाबदारी आमची नाही, असे कंपनीने कळवले. दूरसंचार नियामक संस्था ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, म्हणून मी कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अर्ज केला आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. तेथे न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला तेथे शुल्क लागत नाही. क्रमांक बदलून घेतल्यापासून मी कंपनीच्या ॲपवरूनच महिन्याचे पैसे भरतो. वाडीतल्या आणखी तीन घरांनी आपापली नोंदणी तपासली, तेव्हा दोघांच्या नावापुढे त्याच एजंटचा मोबाइल क्रमांक निघाला.