एडीसीचा डेटा तपासायला कुठला टेस्ट पॅटर्न: १०१०, रॅम्प की पीएन?

वागळे इस्टेट असो वा महापे-रबाळे, एडीसीचं (अ‍ॅनालॉग सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपचं) नवं कार्ड टेबलावर आलं आणि साइन वेव्ह दातेरी दिसली की पहिला प्रश्न एकच: दोष अ‍ॅनालॉगचा की एफपीजीएपर्यंतच्या (आकडे झेलणाऱ्या प्रोग्रामेबल चिपपर्यंतच्या) वाटेचा? टेस्ट पॅटर्न लावला की एडीसी ठरलेले आकडेच पाठवतो, इनपुटचा संबंध उरत नाही. पण प्रत्येक पॅटर्नला वेगळी चूक दिसते.

सीरियल एलव्हीडीएस असेल, म्हणजे तारांच्या जोडीवरून बिट एकामागून एक येत असतील तर सुरुवात १०१०ने करा. १२ बिट, ६५ एमएसपीएसच्या (सेकंदाला साडेसहा कोटी सॅम्पल) एडीसीत एका जोडीवर ७८० एमबीपीएस (सेकंदाला ७८ कोटी बिट) धावतात, म्हणजे एक बिट साधारण १.२८ नॅनोसेकंदांचा. झायलिंक्स ७ सिरीज एफपीजीएच्या आयडिलेला (सिग्नल थोडा थोडा उशिरा करणाऱ्या भागाला) २०० मेगाहर्ट्झच्या रेफरन्सवर एक टॅप (उशिराची एक पायरी) ७८ पिकोसेकंदांचा पडतो, म्हणजे एका बिटात जेमतेम १६ टॅप. ० ते ३१ टॅप एकेक करून फिरवा, प्रत्येक ठिकाणी चुका मोजा आणि दोन बिघडलेल्या कडांच्या मधोमध थांबा. चांगले टॅप चार-पाचच मिळाले तर आधी १०० ओमचं टर्मिनेशन (जोडीच्या टोकाचा रेझिस्टर) बघा. एफपीजीएच्या एलव्हीडीएस_२५ सेटिंगचं आतलं टर्मिनेशन बँकेला (पिनांच्या त्या गटाला) २.५ व्होल्ट असतील तरच वापरता येतं, आणि ही चूक फार वेळा होते.

१०१०ची उणीव अशी की शब्द (एका सॅम्पलचे १२ बिट) कुठून सुरू होतो ते त्यावरून कळत नाही, दोन बिट सरकला तरी तोच दिसतो. त्यासाठी नेमके सहा एक आणि सहा शून्य लावा आणि जुळेपर्यंत बिटस्लिप (शब्दाची सीमा एकेक बिट सरकवणं) द्या.

पॅरलल बसवर, म्हणजे प्रत्येक बिटाला वेगळी तार असेल तिथे, मात्र रॅम्पच (दर सॅम्पलला एकने वाढणारा आकडा) आधी. चेकरबोर्डमध्ये (बिट आळीपाळीने एक-शून्य, पुढच्या सॅम्पलला उलट) डी४ आणि डी६ या तारांची अदलाबदल झाली तरी आकडा तोच येतो. रॅम्पमध्ये लगेच पायऱ्या उलटसुलट होतात. रॅम्प तपासणारा चेकरही सोपा: नवा आकडा म्हणजे जुना अधिक १, नाहीतर चुकांचा काउंटर वाढवा. अडचण वरच्या बिटांची आहे. १४ बिटांत एमएसबी (सर्वांत वरचा बिट) दर ८१९२ सॅम्पलनंतर एकदाच बदलतो. ४०९६ सॅम्पलचं कॅप्चर घेऊन ‘रॅम्प सरळ आहे’ म्हणाल, तर एमएसबी कदाचित हललेलाच नसेल. ट्रिगर ८१९१ वरून ८१९२ होताना लावा, तिथे सगळे बिट एकदम उलटतात.

पीएन२३, म्हणजे रँडम वाटणारी पण ठरलेली बिटांची माळ, सगळ्यात कडक. १०१०वर चांगल्या टॅपची खिडकी फसवी रुंद दिसते, कारण तारेवर एकच लय चालू असते. पीएनमध्ये लांब शून्यांनंतर एकटा १ येतो आणि खिडकी आक्रसते. सेल्फ-सिंक चेकर (आधी आलेल्या बिटांवरूनच पुढचा बिट ओळखणारा) एका चुकीच्या बिटाला तीन चुका मोजतो, हे ध्यानात ठेवा. १०चा उणे १२वा घात हा बीईआर (चुकीच्या बिटांचं प्रमाण) ९५ टक्के खात्रीने सांगायचा तर सुमारे ३ लाख कोटी बिट बिनचूक जायला हवेत. ७८० एमबीपीएसला ६४ मिनिटं. ही चाचणी एसीतल्या टेबलावर नको, कार्ड पत्र्याच्या गाळ्यातल्या दुपारइतकं तापल्यावर घ्या.

एफपीजीएत पीएन चेकर लिहायला वेळ नसेल आणि कार्डं पाच-दहाच असतील तर पॅरललला रॅम्प पुरतो. गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या लॉटला आमच्या मते पीएनशिवाय पास देऊ नये. क्लॉकचा जिटर (ठोक्यांची थरथर) आणि एसएनआर (सिग्नल-नॉइज गुणोत्तर) यातल्या कुठल्याच पॅटर्नला दिसत नाहीत, त्याला खरी साइन आणि एफएफटीच (फ्रिक्वेन्सीनिहाय विश्लेषण) लागते. आणि एफएफटीआधी टेस्ट मोडचं रजिस्टर शून्य करून एसपीआयवर (चिपच्या सेटिंगच्या बसवर) परत वाचून बघा.