खनिजसंग्राहकाच्या हाती गायगर काउंटर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

नागपूरच्या धरमपेठेतले माझे मामा आयुष्यभर भूविज्ञान शिकवत राहिले, आणि मागच्या वर्षी ते गेल्यावर माडीवरची त्यांची सागवानी पेटी माझ्याकडे आली. तिच्यात शंभराच्या आसपास दगड होते. प्रत्येक दगड वर्तमानपत्रात गुंडाळलेला आणि प्रत्येकासोबत निळ्या शाईतली चिठ्ठी. मनसरचे मँगनीज होते, जळगावकडचे झिओलाइट होते, आणि अगदी तळाशी दोन चिठ्ठ्यांवर ‘सिंहभूम, युरेनियम’ एवढेच शब्द होते. मामी म्हणाल्या, “इतकी वर्षं मी या पेटीवर गाद्या रचत आले. आता हे घरात ठेवायचं की नाही, ते तूच सांग.” या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देणे मला पटेना, म्हणून साडेनऊ हजार रुपये खर्चून मी खिशात मावणारा गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारे यंत्र, ऑनलाइन मागवला. दगड जमवण्याचा छंद असणाऱ्यांनी असे यंत्र घ्यावे का, घेतल्यास त्याच्या कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा, हे आठ महिन्यांच्या वापरानंतर लिहीत आहे.

यंत्राच्या आत वायू भरलेली काचेची एक बारीक नळी असते आणि तिच्यावर सुमारे चारशे व्होल्टचा दाब दिलेला असतो. किरण आत शिरला की वायूत क्षणभर वीज वाहते, ‘टिक’ असा आवाज येतो आणि दर मिनिटाला असे किती ठोके पडले ते पडद्यावर दिसते. माझ्या यंत्राचा पहिला दोष असा की नळी नेमकी कुठे आहे, याची खूण बाहेरच्या प्लास्टिकवर केलेलीच नाही. ती शोधण्यासाठी मी कृषी केंद्रातून पावकिलो म्युरिएट ऑफ पोटॅश आणले. नैसर्गिक पोटॅशियममध्ये पोटॅशियम-40 हा किरणोत्सारी अणू अगदी थोड्या प्रमाणात असतो, त्यामुळे शेतकऱ्याच्या घरातले हे खत यंत्र तपासायला उत्तम आणि निर्धोक साधन ठरते. खताची पुडी डाव्या कडेला टेकवल्यावर दहा मिनिटांची सरासरी 21 वरून 34 ठोक्यांवर गेली, उजवीकडे ती जवळपास हललीच नाही. नळी डावीकडे होती.

दहा मिनिटांची सरासरी असे मी मुद्दाम म्हटले. किरणोत्सार ठरावीक अंतराने होत नाही. मिनिटाला 20 ठोके मोजले तर पुढच्या मिनिटाला 15 किंवा 26 येणे अगदी स्वाभाविक आहे. दहा मिनिटांत 200 ठोके जमले की अनिश्चितता सात टक्क्यांच्या आसपास उतरते. नवा ग्राहक पडद्यावरचा आकडा एकदम वाढलेला पाहून घाबरतो, त्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मायक्रोसिव्हर्टचा, म्हणजे शरीराला पोचणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेच्या एककाचा आहे, आणि विक्रेत्यांच्या जाहिरातीत त्याचा उल्लेखही नसतो. माझे यंत्र मिनिटाला सुमारे 154 ठोके म्हणजे ताशी एक मायक्रोसिव्हर्ट असे सरसकट धरते. हे गणित आरपार जाणाऱ्या गॅमा किरणांसाठी, तेही ठरावीक ऊर्जेच्या किरणांसाठी आहे. मामांच्या पेटीतला काळा, हाताला अपेक्षेपेक्षा जड लागणारा दगड नळीजवळ टेकवला तेव्हा मिनिटाला 1,400 ठोके पडले आणि पडद्यावर ताशी 9 मायक्रोसिव्हर्ट दिसले. मग इतवारीतून आणलेली पाच मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी मी मध्ये धरली. ठोके 180 वर आले. म्हणजे मोजलेल्यापैकी बहुतांश बीटा कण, अर्थात वेगवान इलेक्ट्रॉन होते. धातूने ते अडवले, उरला तो मुख्यतः गॅमा, आणि त्याचा हिशेब ताशी एका मायक्रोसिव्हर्टच्या आसपास लागला. सामान्य नागरिकासाठी नैसर्गिक पातळीच्या वर वर्षाला एक मिलिसिव्हर्ट, म्हणजे एक हजार मायक्रोसिव्हर्ट, ही मर्यादा मानली जाते. तोच दगड वीतभर अंतरावर नेला की पट्टीशिवायही ठोके शंभराच्या खाली येत होते आणि मीटरभर दूर ठेवल्यावर तर खोलीच्या नेहमीच्या पातळीपेक्षा फरकच कळत नव्हता. गाद्यांखालच्या पेटीची चिंता करणाऱ्या मामींना मी हा प्रयोग त्यांच्यासमोर करून दाखवला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

मात्र या यंत्राच्या भरवशावर हातमोजे काढून ठेवू नयेत. अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारातले जड कण, काचेच्या नळीत शिरतच नाहीत, आणि युरेनियमच्या दगडाचा खरा धोका पोटात किंवा फुप्फुसात जाणाऱ्या धुळीतून संभवतो. नखात अडकलेली चिमूटभर धूळ हे यंत्र दाखवेलच असे नाही. दुसऱ्या दगडावर पोपटी रंगाचे पापुद्रे होते. अतिनील टॉर्चखाली ते लख्ख हिरवे चमकले, म्हणजे ते ऑटुनाइट हे युरेनियमचे खनिज असावे. या खनिजातले पाणी कोरड्या हवेत उडत जाते आणि पापुद्रे ठिसूळ होऊन गळू लागतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, त्या माडीवर त्याचे काय झाले असेल हे चिठ्ठीखाली साचलेल्या पिवळट भुकटीवरून दिसत होते. ती भुकटी मी फुंकली नाही, झाडलीही नाही. ओल्या कागदाने टिपून, कागदासह डबीत बंद केली. अशा दगडांतून रेडॉन हा किरणोत्सारी वायूही झिरपतो. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मा वायू विघटित व्हायला लागणारा काळ, 3.8 दिवसांचे असते आणि तो बंद डबीत साचतो, म्हणून डबी एसी लावून बंद केलेल्या खोलीत न उघडता गच्चीवर उघडावी.

खनिज मूळ युरेनियमपेक्षाही अधिक किरणोत्सारी कसे, या कोड्यातूनच 1898 साली क्युरी दांपत्याला पिचब्लेंड या युरेनियमच्या खनिजात पोलोनियम आणि रेडियम सापडले. हाती असा दगड घेऊन ठोके ऐकताना तो इतिहास जवळचा वाटतो, हे मी नाकारत नाही. तरीही आपल्या देशात हा छंद परदेशाप्रमाणे करता येत नाही. अणुऊर्जेविषयीच्या कायद्यानुसार युरेनियम विहित, म्हणजे सरकारी नियंत्रणाखालचा पदार्थ आहे आणि परवान्याशिवाय ते बाळगणे, विकणे किंवा विकत घेणे गुन्हा ठरू शकतो. 2021 साली महाराष्ट्रात सात किलोंहून अधिक युरेनियम जप्त होऊन दोघांना अटक झाली होती. नागपूरकरांना चौकशीसाठी दूर जावे लागत नाही, कारण अणुखनिज संचालनालयाचे मध्य विभागाचे कार्यालय याच शहरात आहे. मी दोन्ही दगडांविषयी लेखी कळवले आणि रीतसर सुपूर्द केले. ऑनलाइन ‘युरेनियम ओर’ म्हणून डबीत मिळणारे तुकडे मागवण्याचा विचार कोणी करत असेल, तर त्याने तो सोडून द्यावा.

यंत्राकडे परत येतो. बॅटरी दोन दिवस टिकते. पुस्तिका तोकडी आहे, आणि धोक्याची घंटा कारखान्यातून शंभर ठोक्यांवर लावून येते, ती बदलून घ्यावी. सेवा देणाऱ्याने नळी बदलून मिळेल का या प्रश्नाला तीनदा विचारूनही उत्तर दिले नाही, त्याचे वाईट वाटले. काचेची नळी खाली पडून फुटली तर साडेनऊ हजार गेलेच. वडिलोपार्जित संग्रह हाती आलेल्यांनी, महाविद्यालयातल्या जुन्या कपाटांची जबाबदारी असलेल्या शिक्षकांनी हे यंत्र जरूर घ्यावे. केवळ स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याची धास्ती वाटते म्हणून घेऊ नये. माझ्या ओट्यावर 27 ठोके येतात आणि त्यात काळजीचे काही नाही.

ते दोन दगड गेल्यावर मी पेटी रिकामी करून तिचा तळ, प्रत्येक कोपरा दहा-दहा मिनिटे मोजला. एका कोपऱ्यात 31 आले. तिथल्या फटीत पिवळट कण होता. तो ओल्या कापसाने काढल्यावर आकडा 20 वर आला, आणि पेटी मामींकडे परत गेली. सध्या तिच्यात हिवाळ्याची पांघरुणे आहेत.